चौदा स्विचचं नाव, गाव आणि घड्याळ : प्रकल्प नोंदी

सांगली जिल्ह्यातला एक साखर कारखाना, नाव नको. मी ईडीपी, म्हणजे संगणक विभाग, बघतो. चौदा मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या केबली जोडणारे, आत सेटिंग करता येणारे डबे) आहेत, त्यातले ९ छोटे आठ पोर्टचे निळे (फक्त ब्राउझरमधून चालतात, कन्सोल पोर्ट, म्हणजे थेट केबलने कमांड द्यायची जागा, नाही), ४ चोवीस पोर्टचे दोन वेगळ्या बनावटीचे, आणि सर्व्हर रूममधला एक मोठा. काम एवढंच की प्रत्येकाच्या सिस्टम इन्फोमध्ये खरं नाव, खरी जागा, खरा संपर्क आणि बरोबर वेळ टाकायची. दोन दिवसात उरकेल असं मी मीटिंगमध्ये बोलून बसलो होतो. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

आधी हे का काढलं ते. मागच्या हंगामात रात्री दोन वाजता वजनकाटा नेटवर्कवरून गेला. बाहेर ट्रॅक्टरची रांग, काट्यावरचा पोरगा फोनवर फोन करतोय, आणि मी घरून लॉगिन करून बघतोय तर यादीत एवढे स्विच आणि त्यातल्या अकरांना स्वतःचं नावच नाही, नुसतं कंपनीने दिलेलं मॉडेलचं नाव. लोकेशन सगळीकडे रिकामं. अंदाजाने एक रिस्टार्ट केला, तो टाइम ऑफिसचा निघाला. मग गाडी काढून स्वतः आलो. काट्याचा स्विच चालूच होता, नुसती अपलिंकची (मुख्य नेटवर्ककडे जाणारी) केबल उंदराने खाल्ली होती. १ तास ४० मिनिटं गेली, त्यातली केबल बदलायला लागली १० मिनिटं. तेव्हाच ठरवलं होतं, पण हंगामात कोण हात लावतो.

आज फक्त यादी केली. कंत्राटदाराने बसवताना दिलेली एक्सेल शीट होती, तिच्यावर विसंबून अर्धा दिवस घालवला. शीटमधले पाच आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) चुकीचे, दोन स्विच शीटमध्येच नाहीत. शेवटी शीट बाजूला ठेवली, आयपी स्कॅनर चालवला, अकरा सापडले. उरलेले तीन कुठे?

३ सप्टेंबर, मंगळवार

एक सापडला. को-जनच्या (कारखान्याच्या वीजनिर्मितीच्या) कंट्रोल रूममधला मुख्य नेटवर्कवरच होता, फक्त पिंगला ('आहेस का?' या हाकेला) उत्तर देणं बंद करून ठेवलं होतं. उरलेले दोन निळे अजून कंपनीने बनवताना दिलेल्या आयपीवर, १९२.१६८.०.१, दोघंही. इथे मी जी चूक केली ती नीट लिहितो कारण ती कोणाकडूनही होईल.

लॅपटॉपला १९२.१६८.०.५० हा आयपी हाताने दिला, स्टोअरमध्ये गेलो, निळ्यात केबल घातली, पान उघडलं, नाव टाकलं 'स्टोअर'. मग काट्याच्या केबिनमध्ये गेलो, तिथल्या निळ्यात केबल घातली, तोच पत्ता उघडला, तर नाव आधीच 'स्टोअर'. मला वाटलं बसवणाऱ्याने एकाची सेटिंग दुसऱ्यात कॉपी केली असेल, म्हणून ते पुसून 'काटा' टाकलं आणि खूश होऊन चहाला गेलो. असेल कसं, 'स्टोअर' हे नाव तर मीच तासाभरापूर्वी टाकलं होतं! पण डोक्यात आलंच नाही. परत आल्यावर सहज सिस्टम समरीमधला मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा कंपनीने दिलेला वेगळा नंबर) स्विचच्या बुडाखालच्या स्टिकरशी ताडून बघितला तर जुळेना. झालं असं की दोन्ही स्विच एकाच नेटवर्कवर, दोघांचा आयपी एक, आणि लॅपटॉपने पहिल्याचा मॅक लक्षात ठेवलेला. म्हणजे मी बसलोय काट्यावर आणि नाव बदलतोय स्टोअरमधल्या स्विचचं.

मग काट्याच्या स्विचची अपलिंक काढली (हंगाम नाही म्हणून जमलं), नुसता लॅपटॉप जोडला, कमांड प्रॉम्प्टवर 'एआरपी -डी' मारून जुनी नोंद उडवली, पान परत उघडलं, स्टिकरशी मॅक जुळवला, आणि सगळ्यात आधी आयपी बदलला. नाव त्यानंतर. स्टोअरला जाऊन तेच परत. तेव्हापासून नियम केला की सिस्टम समरीचं पान उघडलं की पहिली नजर मॅकवर, मग बाकी काय ते.

वेळ : साडेचार तास. दोन स्विच.

४ सप्टेंबर, बुधवार

चोवीस पोर्टच्यांपैकी एकाचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही म्हणून कन्सोल लागणार. यूएसबी कन्सोल केबल मागवली होती ₹३५० ची, आतली चिप नकली निघाली, ड्रायव्हर बसेना. सांगलीला माणूस पाठवून ₹९५० ची आणली. ती जोडली तर स्क्रीनवर नुसती चिन्हं. अर्धा तास केबललाच शिव्या घातल्या, नंतर कळलं की बॉड रेट (कन्सोलवर बोलायचा वेग) वेगळा आहे. आमच्याकडे मोठा ९६०० वर बोलतो, चोवीस पोर्टचे दोन ३८४०० वर आणि दुसऱ्या बनावटीचे दोन १,१५,२०० वर. पुटी ह्या कन्सोलच्या प्रोग्राममध्ये तिन्ही सेशन सेव्ह करून ठेवली. स्विचच्या कडेला मार्करने आकडा पण लिहिला, म्हणजे पुढच्याला शिव्या घालायला लागायला नकोत.

पासवर्ड उडवताना त्या स्विचची सगळी कॉन्फिगरेशन गेली, बॅकअप नव्हता. व्हीलॅन (स्विचच्या आतले वेगवेगळे नेटवर्क) परत केले. तो वेळ या कामात धरत नाही, नाहीतर लाज वाटेल.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज नावं. सिस्टम इन्फोच्या पानावर दहा गोष्टी दिसतात, मॉडेल, मॅक, हार्डवेअर व्हर्जन, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर), किती दिवस चालू आहे वगैरे, पण आपल्या हातात तीनच : नाव, जागा, संपर्क. हे आजकालचं नाही, १९९१ च्या एसएनएमपी (नेटवर्कवरून यंत्रांची माहिती विचारायची पद्धत) स्टँडर्डमध्येच सिस्टम ग्रुपच्या सात गोष्टी आहेत आणि त्यातल्या लिहिता येणाऱ्या ह्याच तीन.

हौस म्हणून पहिल्या निळ्यात लोकेशन मराठीत टाकलं, 'वजनकाटा केबिन'. चुकीचं अक्षर म्हणून लाल पट्टी. चोवीस पोर्टच्या एकाने मात्र घेतलं आणि पानावर दाखवलं पण छान! मग लिनक्सवरून ती माहिती वाचायला एसएनएमपी-वॉक मारला तर मराठीच्या जागी हेक्स आकड्यांची लांबलचक माळ. ही खाणी मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच आहेत. त्यात मराठीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे, त्यामुळे ३२ ची मर्यादा असेल तर दहा अक्षरांत खेळ खलास. तेव्हा मराठीच, पण इंग्रजी लिपीत.

नावाची पद्धत : विभाग, मजला, नंबर, मध्ये आडवी रेघ. काटा-तळ-०१, शेतकी-पहिला-०१ असं. स्पेस चालत नाही, होस्टनेममध्ये अंडरस्कोअर पण टाळायचा.

लोकेशनवर जास्त डोकं लावलं. आधी नुसतं 'स्टोअर बिल्डिंग' वगैरे टाकत होतो, तेवढ्यात वायरमन मामा म्हणाले, "साहेब, बिल्डिंग आम्हाला बी म्हाईत हाय, पेटी कुठं हाय आन् किल्ली कुणाकडं ते लिवा की." एकदम बरोबर. रात्री दोनला खरी अडचण किल्लीचीच असते. म्हणून आता लोकेशन असं : 'काटा केबिन दारावर, किल्ली टाइम ऑफिस'. निळ्यात ३२ अक्षरांत बसवायला काटछाट करावी लागते पण किल्ली कापायची नाही.

संपर्क : तीन स्विचमध्ये माझ्या आधीच्या साहेबांचा मोबाईल नंबर होता, ते रिटायर होऊन चार वर्षं झाली. माणसाचा नंबर टाकायचाच नाही असं ठरवलं, ईडीपीचा इंटरकॉम टाकला. शिवाय ही माहिती नेटवर्कवर कोणीही वाचू शकतं, त्यामुळे खासगी नंबर तिथे नकोच.

चोवीस पोर्टच्यांपैकी दोघांत कमांडने केलं : इनेबल, कॉन्फिगर, मग होस्टनेम, लोकेशन, कॉन्टॅक्ट-इन्फो, आणि बघायला शो सिस्टम-इन्फो. मोठ्यात लोकेशन आणि संपर्क एसएनएमपी-सर्व्हरच्या कमांडमध्ये जातो, आणि बघायला शो रनिंग-कॉन्फिग. निळ्यात नऊ वेळा तेच पान, तेच अप्लाय बटण. संध्याकाळी सात वाजले. चौदाच्या चौदा झाले म्हणून घरी फोन केला.

७ ते ११ सप्टेंबर

गणपती, मग गौरी. काम शून्य.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी विसर्जन, निम्मा स्टाफ रजेवर, म्हणून पॅनेलच्या कामासाठी कारखान्याची लाईट बंद करायला आजचाच मुहूर्त काढला होता. दुपारी लाईट आली, मी सहज यादी उघडली आणि सहा स्विचची नावं गायब! परत तेच मॉडेलचं नाव, लोकेशन कोरं.

अप्लाय आणि सेव्ह ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अप्लाय केलं की चालू कॉन्फिगरेशन बदलते, ती मेमरीत असते, लाईट गेली की ती पण गेली. वर कोपऱ्यात छोटं सेव्ह बटण होतं, तीन स्विचवर दाबलं, मग घाईत सहांवर विसरलो. मला हे माहीत नव्हतं असं नाही हो, मोठ्यात तर मी कायम 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' मारतो. पण ब्राउझरमध्ये हिरवी बरोबरची खूण दिसली की मन म्हणतं झालं.

सहाही परत केले. आता प्रत्येक स्विच झाला की सेव्ह, मग मुद्दाम प्लग काढून परत लावायचा आणि सिस्टम समरी बघायची, तेव्हाच कागदावर टिक. हंगामात हे करता येणार नाही, म्हणून आत्ताच.

१४ सप्टेंबर, शनिवार

वेळेचं प्रकरण. परवा लाईट आल्यावरच्या लॉगमध्ये निळ्यांची तारीख १ जानेवारी २००६, आणि चोवीस पोर्टच्या दोघांची १ जानेवारी २०००. ह्या स्विचमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, लाईट गेली की जन्मतारखेपासून परत सुरू. म्हणजे मागच्या हंगामात काटा कधी गेला हे लॉगमधून शोधायला गेलो तर कारखान्यात नेटवर्क यायच्या आधीचं वर्ष दिसणार.

आधीच्या कोणीतरी हाताने वेळ टाकली होती, आणि ती पण गंमतच. टाइम झोन शून्यावर ठेवून घड्याळात आपली वेळ टाकलेली. दिसायला बरोबर. मी एका चोवीस पोर्टच्यात एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) चालू केल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलं आणि मला वाटलं सर्व्हर चुकतोय. सर्व्हर बरोबर होता, झोन चुकीचा. आधी झोन अधिक ५:३०, मग एनटीपी, हाच क्रम. एका निळ्यात डेलाइट सेव्हिंगला पण टिक होती, तिथे एक तास पुढे. आपल्याकडे त्याचं काही काम नाही, बंद.

१६ सप्टेंबर, सोमवार

निळे एनटीपी सर्व्हरचं नाव घेत नाहीत, नुसता आयपी लागतो. तोही दिला तरी वेळ येईना. दोन तासांनी लक्षात आलं की निळ्यांना डिफॉल्ट गेटवेच दिलेला नाही, मग बाहेर जाणार कुठून? आणि खरं तर मला हे स्विच इंटरनेटवर सोडायचेच नाहीत.

म्हणून ईडीपीच्या लिनक्स सर्व्हरवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम बसवला. तो सर्व्हर बाहेरून एनआयसी (सरकारचं संगणक केंद्र) आणि दिल्लीच्या एनपीएलकडून (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळ घेतो, बाकी सगळे त्याच्याकडून. (सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात पण घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, ऑडिटवाल्याने मागच्या वर्षी विचारलं होतं, तेव्हा मी विषय बदलला होता.) मोठ्याला आणि चोवीस पोर्टच्यांना नाव चालतं, तरी सगळीकडे आयपीच दिला, एकसारखं.

इथे परत अर्धा दिवस गेला. सर्व्हरची वेळ बरोबर, स्विच मात्र विचारतायत आणि उत्तर नाही. क्रोनी स्वतः वेळ घेतं पण दुसऱ्याला द्यायची परवानगी मुद्दाम द्यावी लागते, कॉन्फिगमध्ये अलाऊची ओळ टाकून आपलं नेटवर्क लिहायचं. ती टाकली, तरी नाही. मग फायरवॉलमध्ये यूडीपी १२३, म्हणजे एनटीपीचा पोर्ट, उघडला. वेळ कोण मागतंय ते बघायला क्रोनिसी क्लायंट्स मारल्यावर एकेक स्विच दिसायला लागला तेव्हा बरं वाटलं. निळ्यांचा अपडेट रेट १२ तासांचा असतो, पहिल्यांदा वेळ आली की नाही ते लगेच बघायचं असेल तर अप्लाय परत दाबा, मी येड्यासारखा वाट बघत बसलो होतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज भांडण झालं. लिनक्सवरून सगळ्यांचा अपटाइम (किती दिवस सलग चालू) काढला तर को-जनच्या स्विचचा ११ दिवस. म्हणजे ९ तारखेला कोणीतरी बंद केला होता. ९ ला तिथे ड्युटीवर वायरमन मामा. तो स्विच यूपीएसवर आहे, १२ च्या शटडाउनमध्ये पण पडला नव्हता. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. मामा म्हणाले, "हात बी लावला न्हाई, देवाशपथ." मी काही ऐकलं नाही.

दुपारी त्याच स्विचचं पान ब्राउझरमध्ये उघडलं. तिथे अपटाइम ५०८ दिवस!

एसएनएमपीचा अपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि तो आकडा ३२ बिटचा. ४९७ दिवस झाले की आकडा भरतो आणि शून्यावरून परत सुरू होतो. ५०८ वजा ४९७, अकरा. स्विच दीड वर्ष हललेला नाही आणि मी मामांवर आळ घेऊन मोकळा. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चूक, वर भजी पण. ₹१२०, ह्या प्रकल्पातला सगळ्यात योग्य खर्च.

कमी अपटाइम दिसला तर आधी त्या स्विचचा लॉग बघा, किंवा पानावरचा आकडा. माणसाला नंतर विचारा.

२४ सप्टेंबर, मंगळवार

नावं बसली म्हणून सगळीकडे एलएलडीपी चालू केलं. दर ३० सेकंदाला प्रत्येक स्विच शेजाऱ्याला आपलं नाव आणि पोर्ट सांगतो. आता मोठ्यावर बसून कोण कुठल्या पोर्टला ते नावानिशी दिसतं, आठवडाभर केबल हलवून जे कागदावर काढलं ते इथे दोन मिनिटांत. हे आधी करायला पाहिजे होतं का? नाही, आधी केलं असतं तर नुसत्या मॉडेलच्या नावाचे अकरा शेजारी दिसले असते.

एका गोष्टीने छळलं. शेतकीच्या स्विचच्या पोर्ट ५ वर शेजारी दोन दिसतात. एका केबलला दोन शेजारी कसे? मामांना घेऊन केबलच्या मागे मागे गेलो तर फॉल्स सीलिंगवर पाच पोर्टचा साधा ₹६०० वाला स्विच, धुळीत, कोणीतरी प्रिंटरसाठी लावलेला. साधा स्विच स्वतः काही बोलत नाही पण काही काही असे एकाचा एलएलडीपी दुसऱ्याकडे जसाच्या तसा पाठवतात. काढून टाकला, केबल ओढली. शेतकीची 'नेट स्लो आहे' ही तक्रार गेली का ते अजून कळायचंय, ते कायमच म्हणतात.

३० सप्टेंबर, सोमवार

किरकोळ. एसएनएमपीची कम्युनिटी (एक प्रकारचा पासवर्ड) सगळीकडे 'पब्लिक' होती, बदलली, आणि फक्त वाचायला ठेवली, आणि फक्त ईडीपीच्या सर्व्हरला. फर्मवेअरच्या नोंदी घेतल्या. दोन निळे एकाच मॉडेलचे पण एकाचं हार्डवेअर व्हर्जन १ आणि दुसऱ्याचं ३, दोघांचं फर्मवेअर वेगळं. एकच फाइल दोघांत टाकणार होतो, सिस्टम समरी उघडी होती म्हणून थांबलो.

काट्याच्या स्विचचं तापमान बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त. उघडून बघितला तर आत बगॅसची (उसाच्या चोथ्याची) भुकटी, फुंकर मारून उपयोग नाही, ब्लोअरने साफ केला.

लेबल टेप ₹६५०. प्रत्येकाच्या अंगावर तेच नाव जे आतमध्ये आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

हिशोब मागितला साहेबांनी. पैसे ₹२,०७०, भज्यांसकट आणि त्या नकली केबलसकट. वेळ ३१ तास, पासवर्डवाला दिवस सोडून. दोन दिवस म्हणालो होतो. साहेब म्हणाले, "नावं टाकायला एकतीस तास?" मी काही बोललो नाही, काट्याच्या स्विचचा लॉग उघडून दाखवला, नाव, तारीख, वेळ, पोर्ट. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "हे मागच्या हंगामात का नव्हतं?"

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा झाला, बॉयलर पेटला. आज सकाळी लॅबवाल्यांनी टेबलं नव्या इमारतीत हलवली, आणि जाताना भिंतीवरचा स्विच पण उचलून घेऊन गेले, कोणाला न सांगता. मला कळलं ते एलएलडीपीवर शेजारी बदलल्यामुळे. नव्या जागेचं लोकेशन टाकलं, किल्ली आता केमिस्टांकडे असते ते लिहिलं, सेव्ह केलं, प्लग काढून लावला, मॅक स्टिकरशी जुळवला. जुन्या भिंतीवर खिळा आणि लेबल तेवढं राहिलंय, ते उद्या काढतो.